खुणेशिवाय उचलू नये

९ जानेवारी

ताठेबाईंनी सांगितलंय की रोज व्यायाम केला की लिहून ठेवायचं. त्यांना दोन शब्द पुरले असते. पण गोदीतली पाळी संपली की काय उचललं, कुठे ठेवलं, वारा कसा होता हे लिहायची ज्याला जन्मभराची सवय, त्याला वही दिली तर तो दोन शब्दांवर कसा थांबेल?

तर पहिल्यापासून सांगतो. सोमवारी सकाळी हिला पलंगावरून खुर्चीत ठेवताना माझ्या पाठीत उसण भरली. ही नीट खुर्चीत पोचली, मी मात्र तसाच वाकलेला राहिलो. आधी हिला वाटलं मी काहीतरी पुटपुटायला वाकलोय, म्हणून ती हसली. मग माझा चेहरा बघून ओरडली. वरच्या मजल्यावरून माझी थोरली बहीण, ताई, धावत आली. एकाला उठता येत नाही, दुसऱ्याला बसता येत नाही. ताईला कळेना आधी कुणाला धरावं.

हिच्या खुब्याचं हाड ऑक्टोबरमध्ये मोडलं. बाथरूममध्ये पाय घसरला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, आणि आता डॉक्टर म्हणतात की पायावर वजन टाकायला काही हरकत नाही. हरकत नाही म्हणायला त्यांचं काय जातंय? ती पडल्याचा आवाज त्यांनी ऐकलेला नाही. मी ऐकलाय. पलीकडच्या खोलीत होतो. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, परत पलंगावर, हिला उचलायचं काम माझं. हॉस्पिटलवाल्यांनी एक वॉकर दिला होता, चार पायांचा. तो मी एका हाताने उचलून पाहिला. असल्या हलक्या सांगाड्याच्या भरवशावर मी माणूस सोडायचा? कपाटावर टाकून दिला.

मी गोदीत क्रेन चालवली. माझ्या हुकावरून कधी साधं खोकं निसटलं नाही.

ताठेबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या वर बसणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. खरं नाव पाटीवर आहे, पण बाई बसते अशी की पाठीत पट्टी घातलीय. माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा लागल्या, बूड लागलं, डोकं काही भिंतीपर्यंत पोचेना. मी म्हणालो, भिंत कलती आहे.  शेजारी येऊन स्वतः उभी राहिली आणि टाचेपासून डोक्यापर्यंत अख्खी भिंतीला चिकटली. मग म्हणाली, “काका, वर्षानुवर्षं क्रेनच्या केबिनच्या तळाच्या काचेतून दोन पायांमधून खाली बघत बसलात ना, मान तिथेच राहिलीय.”

मग विचारलं, घरी काही जड उचलता का? मी म्हणालो, बायको. कसं उचलता ते करून दाखवलं. त्या म्हणाल्या, “काका, हात द्या, उचलू नका.” माझ्या पाठीची काळजी. बरी आहे पोरगी.

घरी येऊन हिला भिंतीची गोष्ट सांगितली. ही म्हणाली, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

१२ जानेवारी

व्यायाम केला. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, बेंबी आत ओढून कंबर जमिनीला टेकवायची. दिसायला काहीच नाही. कुणी बघितलं तर म्हणेल म्हातारा झोपलाय. पण पाच मिनिटांत पोट थरथरायला लागलं. पोट म्हणजे फक्त भरायची जागा असं मी समजत होतो. त्यातही कामाला लावायचे स्नायू असतात, आणि पाठीचा सगळा भार खरं म्हणजे तेच धरतात, हे आत्ता कळतंय.

माझी मोठी खोड म्हणजे मी श्वास रोखतो. माल जमिनीला टेकेपर्यंत केबिनमध्ये मी श्वास घेत नसे, ती सवय. ताठेबाई म्हणतात, मोठ्याने आकडे मोजा, मग श्वास आपोआप चालू राहतो. आज मोजायचं विसरलो, तर ही खुर्चीतून मोजायला लागली.

मग म्हणाली, “मलाही सांगा ना कसं करायचं ते.”

मी म्हणालो, “तू आराम कर. तुझ्या वाटणीचाही मीच करतो.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. रस्त्यावर काहीतरी चाललं असावं.

१७ जानेवारी

आज हातापायांवर ओणवं होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे. मग उलट. तोल जाऊन दोनदा टेबलाखाली गेलो. नेमकी ताई आली. म्हणाली, “अरे, काय हरवलंय?” ही इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं. रोज टेबलाखाली जायला माझी तयारी आहे.

२२ जानेवारी

आजचा दिवस माझा. पाठीला झाडूचा दांडा लावून वाकायला शिकलो. दांडा डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकलेला राहिला पाहिजे. म्हणजे वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून, दार बिजागरीवर फिरतं तसं. मग तसंच वाकून, बेंबी आत, आकडे मोजत हिला उचललं. कळ नाही की काही नाही! सकाळी उचललं, दुपारी उचललं, संध्याकाळी गंमत म्हणून खिडकीपर्यंत नेऊन परत आणलं. तिने डोळे मिटून घेतले होते. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकतं का!

आणि ती आता हलकी लागते. पंधरा दिवसांपूर्वी लागायची त्यापेक्षा कितीतरी हलकी. व्यायामाचा गुण, दुसरं काय.

२४ जानेवारी

ताठेबाईंना अभिमानाने सांगितलं, बायको हलकी लागते. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांचा चेहराच पडला. म्हणाल्या, “मी येऊन बघते त्यांना.” एवढ्या कामातून वेळ काढून येणार म्हणजे माझ्यावर विशेष जीव दिसतो.

२७ जानेवारी

आल्या. मला पाणी आणायला पाठवलं. आणलं, तर हिच्या मांड्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, “खूप बारीक झाल्यात.” मी म्हणालो, खातेच कुठे, चिमणीएवढं. त्या म्हणाल्या, “काका, चहाबरोबर बिस्किटं चालतील.” घरात होती, पण त्यांना दुसरी हवी होती. खाली गेलो. बेकरीत ही गर्दी. परत आलो तर ताईही येऊन बसलेली. हिचा चेहरा लाल झालेला. ताठेबाई कपाटावरच्या वॉकरकडे बघत होत्या.

जाताना दारात पुन्हा तेच. “हात द्या, उचलू नका.” मी सांगितलं, माझी पाठ आता ठणठणीत आहे, काळजी सोडा. त्यांनी उसासा टाकला. तरुण माणसं दमतात लवकर. बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत.

३१ जानेवारी

एक काम मार्गी लावलं.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर हिचं बटणांचं दुकान आहे. बटणं, लेस, चेन, धागे. पलंगाएवढी जागा, भिंतभर लहान लहान खण आणि उंच गल्ला. हिला कुणी कोटाचं एक तुटकं बटण आणून दिलं तर न बघता हात योग्य खणात जातो. ऑक्टोबरपासून शटर खाली आहे. आज घरमालक जिन्यात भेटले. म्हणाले, दुकान असंच बंद ठेवायचं असेल तर दुसरं गिऱ्हाईक आहे. मी म्हणालो, घेऊन टाका. हिला दोन मजले उतरून दिवसभर उभं राहणं आता जन्मात जमायचं नाही, मग उगाच आशेवर कशाला ठेवायचं? पुढच्या महिनाअखेरीस किल्ली देतो म्हणालो.

संध्याकाळी हिला सांगितलं. तिने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “मला विचारलं नाहीत.”

मी म्हणालो, “विचारून तुला त्रास कशाला द्यायचा?”

“किल्ली कधी द्यायची म्हणालात?”

“अठ्ठावीस तारखेला.”

“बरं,” म्हणाली. मला वाटलं होतं रडेल. पण समजूतदार आहे.

५ फेब्रुवारी

व्यायाम झाला. बाकी दिवसभर पायपीट. हिला मोरपिशी धागा हवाय. गडद नको, फिका नको, आणि तो म्हणे पुलापलीकडच्या बाजारातच मिळतो. दुकान बंद होणार, आता धागा कशाला? पण मन रमत असेल तर रमू दे. परवा सुया, काल चाळिशीची दोरी. रोज जेवण झालं की काहीतरी आठवतंच.

मी घरी नसताना ताई येऊन बसते. नणंद-भावजयीचं एवढं गूळपीठ मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. विषय मीच असणार. आलो की दोघी एकदम हवापाण्यावर बोलतात.

आणखी एक. हिच्या चपला मी पलंगाशी जोडीनं लावून ठेवतो. आज एक टेबलाखाली होती. आणि कपाटावरचा वॉकर उलट्या तोंडाने ठेवलेला, धूळही नाही. घरात उंदीर झालेत म्हणावं, तर ते चांगलेच धट्टेकट्टे दिसतात.

११ फेब्रुवारी

हिला ताप असावा असा संशय आला. बाजारातून आलो तर कपाळ घामाने भिजलेलं, धाप लागलेली. थर्मामीटर लावला, ताप नाही. ताई म्हणाली, “उकडतंय रे.” मला तर गार वाटत होतं. ताईलाही घाम आलेला. साथ वगैरे नसली म्हणजे मिळवली.

खुर्चीच्या पायाला एक रबरी पट्टा बांधलेला सापडला. विचारलं तर ही म्हणाली, खुर्ची हलते म्हणून बांधलाय. खुर्ची हलत असती तर मला कळलं नसतं? सोडून घडी करून ठेवला. संध्याकाळी परत बांधलेला.

गंमत म्हणजे आज बाथरूमला नेताना मी नेहमीच्या जोराने उचलायला गेलो आणि ही इतकी अलगद वर आली की माझा अंदाजच चुकला. मीच मागे झोक खाल्ला. पोटाचे स्नायू बळकट झाले की असं होतं म्हणे. आता जोर जरा आवरून लावायला हवा.

१५ फेब्रुवारी

आज ही खुशीत होती. चहा घेता घेता म्हणाली, “अहो, गोदीतल्या खुणा आठवतात का तुम्हाला?”

आठवणार नाहीत? वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं सगळं दिसत नाही. जहाजाच्या पोटात तर काहीच नाही. खाली खुणा करणारा एक माणूस उभा असतो, त्याच्या हातावर सगळा भरवसा. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. हात आडवा ताठ, तळवा जमिनीकडे, म्हणजे थांब. लग्न झालं तेव्हा ही डबा घेऊन फाटकापर्यंत यायची आणि कुंपणाबाहेरून मला ‘उतरव’ची खूण करायची. म्हणजे मी खाली उतरून जेवायला यायचं. अख्खा धक्का हसायचा.

तिला सगळं पुन्हा ऐकायचं होतं. मलाही सांगायचं होतं, खोटं कशाला बोलू. पहिला नियम, खुणेशिवाय उचलू नये. दुसरा, ‘उचल’ आणि ‘उतरव’ फक्त आपल्या माणसाचं ऐकायचं, पण ‘थांब’ कुणीही म्हटलं तरी पाळायचं. साहेब असो की धक्का झाडणारा. कारण खालच्याला दिसतं ते आपल्याला दिसत नसतं.

“आणि थांब म्हटलेलं नाही पाळलं तर?”

“तर खाली उतरायचं आणि पुन्हा केबिनमध्ये चढायचं नाही. तिथे माफी नसते.”

“हं,” म्हणाली. मग म्हणाली, “जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्यात, पण नियम चांगले होते.”

२० फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय, तरी लिहितो.

धाग्याला लावायचं मेण आणायला पाठवलं होतं. ते दुकान बंद होतं म्हणून लवकर परतलो. दार ढकललं. ही उभी होती. खोलीच्या मधोमध, वॉकरला धरून, मी लावलेल्या चपला पायांत. ताई दोन हात दूर उभी, नुसती बघत.

मला पुढचं नीट आठवत नाही. ओरडलो असेन. पिशवी टाकली, धावलो आणि तिला दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचललं. माझ्या ओरडण्याने ती दचकली, वॉकर कलंडून जमिनीवर आदळला. तोच आवाज. ऑक्टोबरमधलाच. तिला पलंगावर ठेवलं.

मी ताईला वाटेल ते बोललो. सख्खी बहीण म्हणून घरात घेतलं आणि माझ्या पाठीमागे माझ्या बायकोचं पुन्हा हाड मोडायला निघालीस, असं म्हणालो. ताई माझ्यापेक्षा थोरली, मी तिच्याशी कधी वर आवाज केलेला नाही. तिने वॉकर उचलून भिंतीशी ठेवला आणि म्हणाली, “अरे, ती पडत नव्हती. ती उभी होती.” आणि गेली.

ही रडली. मी डोळे पुसायला गेलो तर तोंड फिरवून म्हणाली, “हात लावू नका.”

एवढं करून मीच वाईट.

२१ फेब्रुवारी

व्यायाम नाही. वॉकर अडगळीत ठेवून कुलूप लावलं. ही बोलत नाही. उचललं की अंग ताठ करते. आज पुन्हा जड लागली.

२३ फेब्रुवारी

ताठेबाईंकडे तक्रार करायला गेलो. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. मला बिस्किटं आणायला पाठवलं त्या दिवशीच शिकवलेलं. मी म्हणालो, तुम्ही माझ्याकडून व्यायाम करून घेतलात तो तिला उचलायला, आणि तिला मात्र...

त्या म्हणाल्या, “काका, तुम्हाला मी उचलायला कधीच सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून एकच वाक्य सांगतेय. तुम्ही महिन्याभरात भिंतीला डोकं टेकवलंत. काकूंनी तेवढ्याच दिवसांत काय करायचं होतं? खुर्चीतून उठण्यात मांड्या, पोट, पाठ, सगळ्याचा व्यायाम होतो. तुम्ही उचललंत की तो दिवसातून दहा वेळा बुडतो. त्या हलक्या झाल्या होत्या ना, तो तुमचा जोर नव्हता. मांड्यांचं मांस गेलं होतं त्यांच्या.”

मी खाली बसलो. मी ते अभिमानाने सांगितलं होतं. इथेच, ह्याच खुर्चीत बसून.

मग मी आवाजाचं सांगितलं. पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो. आधी वाटलं बादली पडली. म्हणून ओळ पुरी केली. ओळ पुरी करून मग उठलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती माझ्या हातांत असते तेव्हा निदान मला ठाऊक असतं की ती पडत नाहीये.

ताठेबाई पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसल्या, तुमच्याआमच्यासारख्या. म्हणाल्या, “पुन्हा कधीच पडणार नाहीत असं मी सांगू शकत नाही, काका. बसून राहिल्या तर काय होतं, ते मात्र नक्की सांगू शकते.”



२५ फेब्रुवारी

अडगळीचं कुलूप काढलं. वॉकर पुसला. त्याच्या दोन पायांचे रबरी बूट झिजले होते, ते बदलून आणले. मग पलंगाशी ठेवला.  दुपारी ताई आली. मी म्हणालो, चहा करतो. ती म्हणाली, “कर.” त्या एका शब्दात सगळं आलं. चहा घेतल्यावर मी आपण होऊनच बाहेर पडलो, कुणी काही आणायला सांगितलेलं नसताना. पुलापर्यंत जाऊन कठड्याला टेकून उभा राहिलो. तिथून घराचा आवाज येत नाही.

पण सकाळ-संध्याकाळ उचलतोय मीच. ते सुटत नाही.

२७ फेब्रुवारी

उद्या किल्ली द्यायची. घरमालकांना सांगून बघावं का, असं मनात आलं. पण काय सांगणार? दोन मजले आहेत. खोलीत चार पावलं टाकणं वेगळं, जिना वेगळा. किल्ली खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवली. ही बघत होती. व्यायाम केला, मन नव्हतं.

२८ फेब्रुवारी

सावकाश लिहितो. सगळं लिहायचं आहे.

सकाळी ताई लवकर आली. ही दुकानात जाताना घालायची ते करड्या कॉलरचे कपडे घालायला तिनेच मदत केली. मला वाटलं, घरमालक येणार म्हणून नीटनेटकं. ही पलंगाच्या काठावर बसली होती. मी नेहमीसारखा समोर गेलो, खुब्यातून वाकलो, बेंबी आत घेतली आणि हात पुढे केले.

तिने उजवा हात आडवा केला. ताठ. तळवा जमिनीकडे.

मी थांबलो. विचार करून नाही. हात अर्ध्यावर होते, तिथेच थांबले. जन्मभराची सवय. आणि मग कळलं की तिने काय केलंय, आणि पंधरा तारखेला चहा घेताना मला ते सगळं पुन्हा का सांगायला लावलं होतं.

“कुणीही म्हटलं तरी, ना?” ती म्हणाली.

“कुणीही म्हटलं तरी.”

“मग मागे व्हा.”

मी मागे झालो. तिने पाय गुडघ्यांच्या मागे ओढले. नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणलं. मोठ्याने मोजलं, एक, दोन, आणि उठली. कुणाचाही हात न धरता. मग वॉकर धरला. मला वाटत होतं मी आता पडेन.

जिन्याशी वॉकर ताईने घेतला. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात ताईने आणलेली काठी, दुखरा पाय आधी खाली. हे सगळं तिला पाठ होतं, म्हणजे कधीतरी ह्याच जिन्यावर झालेलं होतं. मी पुलावर उभा असताना झालं असणार. ताई मला म्हणाली, “तू पुढे हो, एक पायरी खाली, आणि तिच्याकडे तोंड करून उतर. हात मागे ठेव.” मी उलटा उतरलो. हिचा चेहरा सबंध वेळ माझ्यासमोर होता. चार महिने मी तिला उचलत होतो तेव्हा तिचा चेहरा माझ्या खांद्यामागे असायचा, मला तो नीट दिसलाच नव्हता. भ्यालेला चेहरा नव्हता. कामात असलेल्या माणसाचा होता.

मधल्या वळणावर तिचा पाय लटपटला. माझे हात पुढे आले. तिने काठी धरलेल्याच हाताचा तळवा जरासा दाखवला. हात परत मागे घेतले.

घरमालक खाली दुकानाशी उभे होते. आम्हाला बघून त्यांनी किल्लीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. ही शेवटची पायरी उतरली, श्वास घेतला आणि त्यांना म्हणाली, “आलात? बरं झालं. तुमच्या बाहीचं बटण तुटलंय.”

त्यांनी बाही बघितली. खरंच तुटलं होतं.

“किल्ली...” ते म्हणाले.

“ह्यांनी मला न विचारता कबूल केलं होतं,” ही म्हणाली. “मी दिलेली नाही.” मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार, आणि ती मला हवीच होती. पण तिने बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं.

उचल.

मी शटरशी गेलो. किल्ली लावली. खुब्यातून वाकलो, पाठ सरळ, बेंबी आत, मोठ्याने एक, दोन. चार महिने न उघडलेलं शटर करकरत वर गेलं. आत धुळीचा आणि मेणाचा वास. तिने एकटीने आत पाऊल टाकलं, गल्ल्याची कड धरली, मागे न बघता हात मागच्या खणांत घातला आणि एक बटण काढून घरमालकांच्या बाहीशी धरलं. तेच होतं. ते म्हणाले, “असू द्या मग किल्ली तुमच्याकडेच.”

दुपारी परत वर यायचं होतं. उतरणं जमलं, चढणं जड गेलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर ताईने आणून ठेवलेल्या स्टुलावर ती टेकली. चेहरा पांढरा पडलेला, मांड्या थरथरत होत्या. वर अजून एक मजला होता. माझ्या अंगात ताकद होती, महिनाभर कमावलेली. तिला उचलून वर न्यायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं.

तिने डोळे मिटले होते. कुठलीच खूण केली नाही.

मी एक पायरी खाली, हात मागे बांधून, उभा राहिलो. श्वास रोखला जाईल म्हणून मोठ्याने आकडे मोजायला लागलो. जरा वेळाने तीही डोळे मिटूनच माझ्याबरोबर मोजायला लागली.